कॉव्हेन्ट्री इथंच आहे

कोपरखैरणे गाव,
५ जानेवारी २०२५

सुचे,

नव्या वर्षाचा फोन झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, दिनानाथ भावोजींच्या साखरेचा आकडाही कळला. पण तुला माहीत आहे, फोनवर मला फक्त भाजीचे भाव बोलता येतात. खरं काही सांगायचं असलं की कागदच लागतो. ती सवय कुणी लावली ते तुला सांगायला नको.

तर काम असं. आमची ईश्वरी सातवीत आहे. तिच्या शाळेत पंधरा फेब्रुवारीला इंग्लिश डे. प्रत्येकाला एक इंग्रजी वाक्प्रचार दिलाय. तो कुठून आला, त्याचा अर्थ काय, हे स्टेजवर सांगायचं. टीचरनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणीला कुत्र्या-मांजरांचा पाऊस मिळाला, आमच्या बाईसाहेबांना ‘सेंड टू कॉव्हेन्ट्री’. घरी आली ती दप्तर फेकूनच. “आजी, सगळ्यात बोअर माझ्याच नशिबात! हे गाव तरी कुणाला माहितीय का?”

मी जवळा निवडत होते. मान वर न करता म्हटलं, “मला माहितीय. एकोणीस दिवस राहून आलेय मी तिथं.”

पोरगी धावत बापाकडे. “कुंदनपप्पा, आजी फॉरेनला कधी गेलेली?” कुंदन मला विचारतो, “आये, काय सांगतेस हिला?” मी हसत सुटले, सुचे. पन्नास वर्षं झाली, आणि मला त्या गोष्टीचं हसू आलं! माझं मलाच नवल वाटलं.

आता मला अर्थ माहीत आहे. सगळ्यांनी मिळून एकाशी बोलणं टाकायचं. पण ते गाव कुठून आलं मध्ये? तू चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. नीट लिहून पाठव. इंटरनेटवरचं नको, टीचर ओळखतात म्हणे.

तुझी
गोजरा

•

कामोठे,
९ जानेवारी २०२५

प्रिय गोजरा,

तुझं पत्र वाचताना चहा निवला. दिनानाथ म्हणाले, “गोजराताईंचं दिसतंय, म्हणजे आज स्वयंपाकाला उशीर.”

ईश्वरीसाठी लिहिते. कॉव्हेन्ट्री हे इंग्लंडच्या मधोमध वसलेलं एक जुनं शहर. पावणेचारशे-चारशे वर्षांपूर्वी त्या देशात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. कॉव्हेन्ट्री पार्लमेंटच्या बाजूची. राजाच्या बाजूचे पकडलेले सैनिक तिथं पाठवले जात. गावकरी त्यांना मारत नसत, शिव्या देत नसत. फक्त बोलत नसत. ते जणू तिथं नाहीतच. ‘कॉव्हेन्ट्रीला पाठवणे’ तिथून आलं, असं पुष्कळजण मानतात.

दुसरी गोष्ट अशी सांगतात, की त्या शहराला सैनिकच नकोसे होते, मग ते कुठल्याही बाजूचे असोत. गावातली एखादी बाई सैनिकाशी बोलताना दिसली, तर गाव तिच्याशीही बोलणं सोडत असे. त्यामुळे तिथं नेमणूक झाली की शिपाई हळहळत.

यातली खरी कुठली? खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. मी वर्गात मुलींना सांगायची, माणसांचे जन्मदाखले मिळतात, वाक्प्रचारांचे मिळत नाहीत. ईश्वरीनं हेही स्टेजवर ठणकावून सांगावं. ‘असं म्हणतात’ हे शब्द वापरायला लाजू नये.

अर्थ मात्र बारकाईनं सांगायला हवा. हा आपला अबोला नव्हे. अबोला दोघांत असतो, त्यात रुसवा असतो आणि रुसव्यात हक्क. ही कट्टीही नव्हे, कारण कट्टीला बट्टी असते. इथं एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला एकच.

एक विनंती. आपल्या हॉस्टेलचा किस्सा तिला सांगू नकोस. लहान आहे. जुन्या गोष्टी कशाला तिच्या डोक्यात? इंग्लंडचा इतिहास पुरेसा आहे.

तुझी
सुचित्रा

•

कोपरखैरणे गाव,
१४ जानेवारी २०२५

सुचे,

तिळगूळ घे, गोड बोल. सोबत लाडू पाठवायचे होते, पण पोस्टातला माणूस म्हणाला फुटतील. आलीस की घे.

तुझी विनंती उशिरा पोचली. मी सगळं सांगून बसले होते. आणि त्यात काय गं लपवायचं? पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती.

सांगितलं की ठाण्याच्या त्या शाळेत आम्ही आठवीला होतो, हॉस्टेलात. जयमालानं घरून ट्रान्झिस्टर आणला आणि चादरींच्या खोलीत लपवला. संध्याकाळी सगळ्या तिथं दाटीवाटीनं बसून गाणी ऐकायच्या. एक दिवस सिस्टर बेनिता सरळ त्या खोलीत गेल्या, तिसऱ्या फळीवरची चादर उचलली आणि ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर आल्या. सहल रद्द. कुणीतरी चुगली केली हे उघड होतं. आणि आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या दारात कोण दिसली? मी!

आता मी तिथं का होते? माझा बाप, गोटीराम मुकादम, शाळेच्या स्वयंपाकघराला आमच्या मिठागराचं गोणभर मीठ भेट द्यायला आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि सिस्टरला तो काय बोलतो ते कळत नव्हतं. “मॅडमला सांग, आमचे आगरातला मीठ हाय, पैसं नको,” एवढं मी इंग्रजीत करून सांगत होते. मुलींनी तेवढंच बघितलं.

गोष्टींच्या पुस्तकांतून तुम्ही सगळ्या ते कॉव्हेन्ट्री शिकला होता. मी कुठली ती पुस्तकं वाचलेली? रात्रीच्या जेवणाला तू मॉनिटर म्हणून उभी राहिलीस आणि म्हणालीस, “गोजरा इज सेंट टू कॉव्हेन्ट्री.” तुझा काय दोष, मॉनिटरला बोलावंच लागतं. पण मला वाटलं, संस्थेची दुसरी शाळा असेल त्या गावात, माझी बदली झाली. मी पलंगाखालून ट्रंक ओढली आणि कपडे भरायला बसले. सगळ्या बघत होत्या, एक बोलेना.

सकाळी उशीखाली चिठ्ठी. तुझं अक्षर. “ट्रंक भरू नको. कॉव्हेन्ट्री इथंच आहे.”

त्यानंतर रोज एक. एकोणीस दिवस, एकोणीस चिठ्ठ्या. बोलायला बंदी होती, लिहायला नव्हती. ही पळवाट चाळीस मुलींत एकटीला सुचली. सुचे, त्या दिवसांत मी दोनदा भिंतीकडे बघून बापाकडे पळून जायचं ठरवलं होतं. राहिले ती तुझ्या चिठ्ठ्यांसाठी. पळाले असते तर बापानं परत पाठवलं नसतं. मग कुठलं मॅट्रिक आणि कुठली सिडकोतली नोकरी?

ती पहिली चिठ्ठी माझ्याकडे आहे. आयेच्या नथीच्या डबीत. ईश्वरीनं काल ती लॅमिनेट करून आणली! स्टेजवर दाखवणार आहे. म्हणते, “इंग्लंडच्या गोष्टीत चिठ्ठीवाली कुणीच नाही, आजी. तुझ्या गोष्टीत आहे.” तुझं नाव घेणार आहे. तुला पहिल्या रांगेत बसवायचं ठरलंय. भावोजींना पण आण.

एक तिला आवडलं ते तुलाही सांगते. माझ्या आजीच्या वेळी आमच्याकडे एका घराला वाळीत टाकलं होतं. आजी सांगायची, वर्षभर त्यांना कुणी विस्तव दिला नाही. मग एके दिवशी माझी आजीच त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, “तान लागली, पानी दे.” सगळ्या गावासमोर त्यांच्या हातचं पाणी प्यायली. वाळीत टाकणं तिथंच संपलं. ईश्वरी म्हणते, इंग्रजांच्या वाक्प्रचारात जायचं सांगितलंय, परत यायचं सांगितलेलंच नाही.

पंधरा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. नक्की.

गोजरा

•

कामोठे,
२१ जानेवारी २०२५

प्रिय गोजरा,

ईश्वरी हुशार आहे. परतीच्या रस्त्याबद्दलचं तिचं म्हणणं मी शिकवत असते तर फळ्यावर लिहिलं असतं.

पंधरा तारखेला मात्र जमेल असं वाटत नाही. डोळ्यांची तपासणी आहे. आणि माझं नाव गाळ. अशा गोष्टीत नावं कशाला लागतात? ‘एक मुलगी’ म्हटलं तरी चालतं. ती चिठ्ठीही दाखवायलाच हवी का, याचा विचार करावा. कागद जुना झाला असेल.

घाईत आहे.

सुचित्रा

•

कोपरखैरणे गाव,
२६ जानेवारी २०२५

सुचित्राबाई मॉनिटर,

डोळ्यांची तपासणी शनिवारी संध्याकाळी पाचला? कुठला डॉक्टर तो, मला पण पत्ता दे. आणि कागद जुना झाला असेल म्हणजे? प्लास्टिकमध्ये आहे तो, आता आपल्या दोघींच्या मागे राहील.

इतकं तुटक पत्र तू मला पन्नास वर्षांत लिहिलं नाहीस. भावोजींची तब्येत बरी आहे ना? काही लपवत असशील तर बघ.

खाली ईश्वरी लिहितेय. तिला एक प्रश्न पडलाय, मी म्हटलं सुचित्राआजीलाच विचार, ती मॉनिटर होती, तिला सगळं आठवतं.

गोजरा

सुचित्राआजी, नमस्कार. तुम्ही दोन गोष्टी पाठवल्या. दोन्हींमध्ये ‘गाव बोलायचं बंद झालं’ असं आहे. पण अख्खं गाव एकदम कसं बंद होईल? पहिल्यांदा कुणीतरी एकानं बंद केलं असणार ना? त्याचं नाव कुठेच नाही. तुमच्या हॉस्टेलमध्ये पहिली कोण होती? आजीला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर प्लीज सांगा, माझ्या स्पीचला पाहिजे. — ईश्वरी

•

कामोठे,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोजरा,

दिनानाथ ठणठणीत आहेत. डोळ्यांची तपासणी नाही. खोटं लिहिलं होतं.

ईश्वरीला सांग, पहिली मी होते.

आता क्रमानं लिहिते, म्हणजे मला मध्येच थांबता येणार नाही.

ट्रान्झिस्टरचं सिस्टरना मी सांगितलं. तुझे वडील मीठ घेऊन आले त्याच्या आदल्या दिवशी. सिस्टरनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी वह्या द्यायला गेले होते. त्या म्हणाल्या, “सुचित्रा, या हॉस्टेलात माझ्याशी कधी खोटं न बोललेली तू एकटी आहेस.” बस्स. एवढ्या कौतुकानं मी विरघळले आणि तिसऱ्या फळीपर्यंत सगळं सांगून मोकळी झाले. त्यांनी एक दिवस जाऊ दिला, माझ्यावर संशय येऊ नये म्हणून. त्या एका दिवसात तू ऑफिसच्या दारात दिसलीस.

मुली चुगलखोर शोधत होत्या. कुणी तुझं नाव घेतलं. मी गप्प राहू शकले असते. पण कुणी आणखी खोलात जाण्याआधी प्रकरण मिटावं म्हणून कॉव्हेन्ट्रीचं मी सुचवलं. मॉनिटरला बोलावंच लागतं, असं तू लिहितेस. नाही, गोजरा. मला कुणीही सांगितलं नव्हतं. त्या रात्री तू डाळीचं भांडं माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालीस, “घेतेस?” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरीकडे मान वळवली. सुरुवात तिथं झाली.

आणि ती चिठ्ठी. हे लिहायला सगळ्यात अवघड आहे, कारण ती आता प्लास्टिकमध्ये आहे.

तू ट्रंक भरायला लागलीस तेव्हा मला तुझी दया आली नाही. मी घाबरले. तू घरी गेलीस तर तुझे वडील येतील, सिस्टरना विचारतील, आणि सिस्टर सांगतील की गोजरानं नाही, सुचित्रानं सांगितलं. म्हणून लिहिलं, ट्रंक भरू नको. दुसरी आणि तिसरी चिठ्ठीही त्याच भीतीतून, तू पळून जाऊ नयेस म्हणून. चौथ्या दिवशी तू उलट चिठ्ठी ठेवलीस. त्यात लिहिलं होतं, “तुझ्या वेणीची रिबन सुटली आहे, मागून दिसते. तुला कुणी सांगितलं नसेल.” ज्या मुलीशी कुणी बोलत नव्हतं, ती माझ्या रिबनची काळजी करत होती. पुढच्या सोळा चिठ्ठ्या खऱ्या आहेत. पहिल्या तीन नाहीत.

त्यानंतर सांगायचं म्हणून पन्नास वर्षं घालवली. तू मला तुझी कुणीतरी समजलीस, आणि ते इतकं गोड होतं की सोडवेना. तुझ्या नातीनं मला स्टेजवर उभं केलं नसतं तर मी हे बरोबर घेऊनच गेले असते.

मी क्षमा मागत नाही. ती मागितली की द्यावी लागते, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू खरं काय ते जाणलंस एवढं मला पुरे. नाही, पुरे नाही. तू गेलीस तर माझ्याकडे तुझ्या जागी दुसरं कुणी नाही. पण तेही आता तुझ्या हातात.

ईश्वरीनं माझं नाव अवश्य घ्यावं. पहिली कोण होती, या प्रश्नाच्या उत्तरात.

सुचित्रा

•

कामोठे,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोजरा,

काल पाच वाजता मी घड्याळाकडे बघत बसले होते. आमच्याकडून तुमच्याकडे पाऊण तासाचा रस्ता. कॉव्हेन्ट्री काल मला त्याहून जवळ वाटली.

परवा फोन केला. ईश्वरीनं उचलला. “आजी म्हणते ती घरी नाही,” असं तिनं अगदी शुद्ध मराठीत सांगितलं. मागून तुझा खोकला ऐकू आला. आडुळशाचा काढा घे, मध घालून. हे सांगायलाच लिहितेय. बाकी काही विचारत नाही.

दिनानाथ रोज टपालपेटी बघून येतात आणि मला सांगत नाहीत की बघितली. मीही विचारत नाही. बोलले ते एवढंच, “बरं केलंस लिहिलंस ते. पण पन्नास वर्षं म्हणजे जरा जास्तच वेळ घेतलास.”

सुचित्रा

•

(जाड पाकीट, २४ फेब्रुवारीला कोपरखैरण्याहून टाकलेलं. आत रबरबँड लावलेल्या एकोणीस चिठ्ठ्या. सगळ्या एकाच वहीचे फाडलेले चौकोन, कोपऱ्यात आकडा आणि तारीख. त्यांतल्या काही.)

१. ५ फेब्रुवारी
पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आजपासून तू कॉव्हेन्ट्रीत. मी स्वतः पाठवलंय, मॉनिटरची गरज नाही.

२. ६ फेब्रुवारी
तुज्या तोंडाला काला फासला पायजे. माझा बाप मीठ देऊन हसत घरी गेला होता. त्या मिठाच्या दिवसाला तू माझ्या चुगलीचा दिवस करून टाकलंस.

३. ७ फेब्रुवारी
(कोरी)

४. ८ फेब्रुवारी
कालची कोरी आहे ती चुकून नाही. काही लिहावंसं वाटलं नाही, तरी रोज एक असा नियम आहे. तूच घातलेला.

६. १० फेब्रुवारी
कुंदन विचारतो, “आये, सुचित्रामावशीशी भांडलीस काय?” मी म्हटलं, “भांडायला बोलावं लागतं.” सून प्रिया आतून हसली. घरात सगळ्यांना कळलंय, कुणी विचारत नाही.

८. १२ फेब्रुवारी
ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी फाडायला घेतली. प्लास्टिक फाटत नाही. कात्री शोधायला उठले, आणि कात्री कुठे ठेवली ते विसरले. म्हातारपणाचा एवढा तरी फायदा.

९. १३ फेब्रुवारी
पहिल्या तीन खोट्या, असं तू म्हणतेस. पण मी ज्या रात्री भिंतीवरून उतरायला निघाले होते ती दुसरी रात्र होती. तुझ्या दुसऱ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, “उद्या नाश्त्याला शिरा आहे.” शिऱ्यासाठी राहिले गं मी. तू कशासाठी लिहिलंस ते तुझं. मी कशामुळे राहिले ते माझं. त्यात तुला बोलायचा अधिकार नाही.

११. १५ फेब्रुवारी
ईश्वरी छान बोलली. दोन्ही गोष्टी सांगितल्या, “असं म्हणतात” पण म्हटलं. मग चिठ्ठी दाखवली. म्हणाली, “इंग्लंडमध्ये पहिलं कोण गप्प झालं ते कुणालाच माहीत नाही. माझ्या आजीच्या शाळेत ते माहीत आहे. कारण त्या मुलीनं स्वतः सांगितलं. पन्नास वर्षांनी, पत्रात.” टीचरनी विचारलं, “मग आजी काय म्हणाली?” ईश्वरी म्हणते, “आजी सध्या त्यांच्याशी बोलत नाही. पण रोज लिहिते.” अख्खा हॉल हसला. मी पण हसले आणि मग डोळे पुसले. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. पर्स ठेवायला बरी पडली.

१४. १८ फेब्रुवारी
तुझं दुसरं पत्र आलं. तो खोकला माझा नव्हता, शेजारच्या शेवंताबाईंचा होता.

१५. १९ फेब्रुवारी
माझाच होता. काढा घेतला. कडू होता.

१७. २१ फेब्रुवारी
एक गोष्ट मी पण कधी सांगितली नाही. विसाव्या दिवशी जयमाला पहिल्यांदा माझ्याशी बोलली, मग सगळ्या बोलायला लागल्या, आणि तुझ्या चिठ्ठ्या बंद झाल्या. त्या रात्री मला वाटलं, अजून थोडे दिवस कॉव्हेन्ट्रीत ठेवलं असतं तर बरं झालं असतं. हे कुणाला सांगणार? वेडी म्हणाले असते.

१८. २२ फेब्रुवारी
मोजते आहेस ना? इंग्रजी शिकवणाऱ्यांना गणित येत नाही, म्हणून सांगते. उद्या एकोणीस.

१९. २३ फेब्रुवारी
ट्रंक भर. चार दिवस राहायला ये, भावोजींना घेऊन. आणि येताना तुमच्या कामोठ्याच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आण. दारातच उभी राहीन. सगळी आळी बघत असेल. मी म्हणेन, तान लागली, पानी दे.